चलान

स्कीम चौपन्नमधल्या अंगणात
मारवेल गुडघ्याला लागलंय.
त्यात शंखपुष्पी, निळी, दुपारपर्यंतच.

कचरागाडीवरचा पोरगा थबकला :
"आंटी, ये जंगल कटवा लो. चलान बनेगा."
मी फूल दाखवलं.
हसला. त्याच्या मानपूरला हे बांधावर असतं,
कोणी लावत नाही म्हणे.

मीही कुठे लावलं!
बायपास रुंद होत होता,
जेसीबीच्या दोन पावलं पुढे
उकरत गेले कळलावीचे कंद,
भाजीच्या पिशवीत.

मग दोन वर्षं नुसती माती.
शेजारच्या कानूनगोबाई विचारायच्या,
काय पुरलंय?

तिसऱ्या आषाढात एक पान निघालं,
शेंड्याला वळलेलं,
कुंपणाची तार चाचपत.

चलान आलंच. अडीचशे रुपये.
भरले.
पावतीची पुडी वळून बी बांधलं,
वर लिहिलं :
मारवेल, कार्तिक.