लागली?

सरकीएवढी आहे, ती म्हणाली,
हनुवटीच्या खाली, डावीकडे.
मी हात धुतले, पुसले,
आणि जिनमध्ये गठाणीत घालतो तशी
कळणीच्या गळ्यातल्या केसांत बोटं घातली.
काही नाही, म्हणालो.

कळणी म्हणजे आमची गिनीपिग.
ज्वारी-उडदाच्या पिठासारखा काळा-करडा रंग,
म्हणून निहारिकानं हे नाव ठेवलं.
समोरची म्हातारी अजून विचारते,
हाई ससा शे का उंदीर शे?

धरणगावच्या जिनमध्ये अठ्ठावीस वर्षं
मी रुई बघतो. बघतो म्हणजे डोळ्यांनी नाही.
चिमूट काढायची, दोन अंगठ्यांत धरून ओढायची,
तंतू किती लांब, ओल किती,
कवडी कुठं, फुटकी सरकी कुठं.
व्यापारी माझ्या तोंडाकडे बघत उभे राहायचे.

पप्पा, आहे. परत बघा.
परत बघितलं. मऊ. नुसतंच मऊ.
मग तिनं कळणीला उचललं
आणि तिचा गळा माझ्या गालाला लावला.

होती.
कोमट, गोल, कातडीखाली जराशी सरकणारी.

साखर निघाल्यापासून माझ्या बोटांची टोकं
हातमोजा घातल्यासारखी झालीत.
दोन दिवाळ्या रुई मी नजरेनंच पास करतोय.
शेठना माहीत नाही.
घरातही माहीत नव्हतं.

केळीच्या क्रेटात टॉवेल अंथरला,
वरून जाळी बांधली, चोपड्याहून येणारी एसटी धरली.
जळगावला जनावरांच्या दवाखान्यात
आमच्या पुढे एक गाभण म्हैस,
मागे लंगडा बोकड.
तडवी डॉक्टरबाईंनी विचारलं,
खातेय का? लेंड्या कशा? वजन?
निहारिकानं दप्तरातून वही काढली.
दर रविवारी, किराणा दुकानाच्या काट्यावर,
पातेल्याचं वजन वजा करून:
नऊशे दहा. नऊशे. आठशे साठ.
कोणी शिकवलं गं?
कोणीच नाही, ती म्हणाली, आणि ते खरं होतं.

सुईनं ओढल्यावर दह्यासारखं घट्ट आलं.
गवताचं कुसळ तोंडात टोचलं असणार,
आत पू धरला.
बधिर करून छेद दिला, टाके घातले नाहीत.
भोक उघडंच राहू द्या, बाई म्हणाल्या,
आतून भरत येऊ दे.
आणि पेनिसिलिन तोंडातून द्यायचं नाही,
मेडिकलवाला काहीही सांगो,
यांचं आतडं त्यानं बिघडतं, जीव जातो.
कमरेजवळ दुसरी सापडली, हरभऱ्याएवढी.
ती तेलाची. असू दे. वाढली तर आणा.

दहा दिवस सकाळ-संध्याकाळ
मिठाच्या कोमट पाण्याची पिचकारी, सुई काढलेली.
निहारिका टॉवेलात धरायची, मी दांडा दाबायचो.
कळणी अशी काही किंचाळायची
की गल्लीत दूधवाला सायकल थांबवायचा.
आवळा किसला. ढोबळी मिरची चिरली.
पहिले तीन दिवस दोन्ही तशीच सुकली,
भिजवलेलं खाद्य दातांच्या बाजूनं थोडं थोडं सोडावं लागलं.
निहारिका शाळेतून येऊन आधी लेंड्या मोजायची,
मग बूट काढायची.
पाचव्या दिवशी आत गेलेलं पाणी
स्वच्छच बाहेर आलं.
सातव्या दिवशी कळणीनं
माझ्या हातातली कोथिंबिरीची काडी
हिसका देऊन ओढली.
तो हिसका मात्र कळला मला,
अगदी कोपरापर्यंत.

आता रविवारी वजनाआधी तपासणी.
हनुवटी, गळा, काखा, पोट, मांड्यांच्या मधलं.
ती सांगते त्या क्रमानं मी हात फिरवतो.
कमरेजवळ आलो की ती थांबवते.
लागली?
लागली, मी म्हणतो.
ती माझ्या तोंडाकडे बघते,
व्यापारी बघायचे तशी,
मग माझं बोट धरून
पेरभर डावीकडे सरकवते.