कांड्यांची टोपली

आमच्याकडं रात्री त्याचं नाव घेत नाहीत.
लांबडं म्हणतात, जनावर म्हणतात,
चावलं तर पान लागलं म्हणतात,
जसा कुणी जेवणानंतर विडा दिला.

मी तेव्हा नऊ वर्षांची.
वडगावातली मागाची खोली, वर पत्रा,
चार माग, एक पिवळा दिवा
आणि असा खडखडाट, की भांडणंसुद्धा
हातवाऱ्यांनीच व्हायची.
माझं काम कांड्या भरायचं.
टोपलीत हात घालायचा, रिकामी कांडी उचलायची,
रहाटाच्या चातीवर चढवायची,
पुन्हा हात.
न बघता.
बघून घेणारीला आत्या नवशिकी म्हणायची.

त्या संध्याकाळी हाताला जे लागलं
ते रेशमापेक्षा गार होतं
आणि ते बोटांखालून पुढं गेलं.
एवढंच. पुढं गेलं.
कांडी कधी आपणहून पुढं जात नाही.

"हाव!"

माग एकेक करून बंद पडले.
तेव्हा पहिल्यांदा कळलं, आमच्या घरात शांतताही होती
आणि ती किती वाईट होती.

नागाप्पा, ज्याच्या नावातच तो वेटोळं घालून बसलेला,
मागावर चढला तो उतरायचं विसरला.
सातेरीमामानं आधी चपला शोधल्या,
त्या घातल्या, मग पळाला.
आत्यानं यल्लम्माला सव्वा रुपया कबूल केला,
टोपली हलली तसा अडीच.
शेजारची निंगव्वा दारातूनच सांगत राहिली
हळद टाका, दूध ठेवा, हात लावू नका, मारा,
एका दमात, दोन्ही भाषांत.
कुणीतरी म्हणालं, जोडी असते.
झालं. मग ज्याला त्याला दुसरा दिसायला लागला:
पट्ट्यात, वायरीत, सुंभात,
माझ्या रिबिनीत.

बाबा मात्र माझ्याकडं बघत होते.
गावाच्या पाटीवर अक्षरं कुठली
यावरून दोनदा कोठडीत राहून आलेला माणूस.
"काय म्हणालीस गे? हाव?
कसली हाव?"

आईचं माहेर बैलहोंगलचं.
माझा पहिला ताप, पहिलं पडणं, पहिली झोप
तिच्याच शब्दांत झालेली.
ती काही बोलली नाही.
माझा हात दिव्याखाली धरून
बोट बोट तपासलं,
संपलं की परत करंगळीपासून.

मष्णूनं मागाची तुटकी काठी आणली
आणि टोपलीसकट मारलं.
हिरव्या, किरमिजी, हळदी कांड्या
खोलीभर सुटत गेल्या,
उंबऱ्यापर्यंत, मोरीपर्यंत,
आणि त्यांच्याबरोबर एक दोरा, जो रंगाचा नव्हता.

मग कल्लाप्पा म्हातारा आला, बॅटरी घेऊन, उशिरा.
उलटीपालटी केली.
"धामण की ही. तीबी कोवळी.
उंदरं खायाला आल्ती."
नाग असता तर तोंडात पैसा ठेवून जाळला असता.
धामणीला उकिरडा.
नागाप्पा तेव्हा कुठं खाली उतरला
आणि सगळ्यांत मोठ्यानं हसला.

पुढच्या महिन्यात उंदरांनी अडीच साड्यांचा ताणा कुरतडला.
कुणी काही म्हणालं नाही.

आता मी हिंदवाडीत राहते, तिसऱ्या मजल्यावर.
तरी बघितल्याशिवाय हात घालत नाही
पिशवीत, पत्रपेटीत,
मुलगा झोपलेला असतो त्या गोधडीतसुद्धा.
लोकांना वाटतं, ही फार भिते.
भितेच.
पण ते हाताखालून गेलं
तेव्हा त्याला कसलीही घाई नव्हती,
हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

आणि मारा, असं मी म्हटलं नव्हतं.
नुसतं नाव घेतलं होतं.
रात्र व्हायलाही अजून अवकाश होता.