नालांचा हिशोब

महालातल्या त्या खोलीत पंखा लावत नाहीत,
कागद उडतात.
मे महिन्यात मी मोडी वाचते, घाम टिपत;
एकही अक्षर हात उचलून लिहिलेलं नाही,
जणू रिकिबीला रिकीब लागून
सगळं दळ एकदमच पूर्वेला निघालं.

कारकून यादो खंडेराव.
नाल अठ्ठेचाळीस हजार, खिळे वेगळे.
(बारा हजार घोडी, मी समासात भागते.)
हरभरा, तोबरे, सुतळी.
पहिला मुक्काम कन्हान.

बंगाल हा शब्द एकदाच येतो:
'बंगाल प्रांती पाणी फार, घोडी रुततात.'
गावं जाळली, असं कुठेच नाही.
फक्त त्या चार महिन्यांत
जळणाचा खर्च, शून्य.

पुढच्या पावसाळ्याआधी परतफेड:
नाल एकोणतीस हजार, झिजलेले.
खाली, दुसऱ्या शाईत,
'वाळा एक, लहान, चांदीचा, पाऊण तोळा.
कोणाचा'

आणि तिथे बोरू टेकलाय त्याचा.
बराच वेळ टेकला असणार.
ठिपका पलीकडच्या पानावरही उतरलाय.

संध्याकाळी धंतोलीत, डोळ्यांच्या दवाखान्यात
लाहिरी डॉक्टरीणबाई, तिसरी पिढी नागपुरातच,
हनुवटी वर करून म्हणाल्या,
"काहून एवढा ताण देता जी डोळ्यांना?
कोणाचं अक्षर वाचता?"

आमचंच, म्हटलं.

त्यांनी दोन थेंब घातले.
झोंबतील थोडे, म्हणाल्या.