अर्थिंग

"बल्ब चांगलाय, डॉक्टरीणबाई.
करंट वाटंतच मुरतोय,"
दस्तगीर शिकलगार म्हणाला,
मिरज रोडला, बॉनेटात कमरेपर्यंत वाकून.

सत्त्याऐंशीची फियाट. डावा दिवा
खड्डा आला की मिटायचा;
तासगावहून येताना मी डॅशबोर्डवर
बुक्की मारायचे, उघडायचा.

वायर सोलली तर
हळकुंडाच्या सालीसारखा भुगा,
तांब्यावर हिरवं.
आणि एका जोडावर, काळ्या टेपखाली,
दवाखान्यातली चिकटपट्टी.
कोपरे कातरीनं गोल केलेले.
तसे ह्यांच्याशिवाय कुणी करत नसे.

"ह्यो जोड कुणी मारला? येडा का काय!"

नवी वायर, रिले, अर्थिंग घासून पक्कं.
साडेसातशे.
जुना तुकडा डब्यात जायच्या आत
मी हात पुढं केला.

आयर्विन पुलावर दोन्ही दिवे सरळ.
सवयीनं मूठ उचलली.
मारायला काही नव्हतं.