तोंडी सराव

लॉ कॉलेज रस्त्याला झेरॉक्सच्या दुकानावर
लोखंडी जिना चढून या, तिथे आमचा वर्ग.
मंगळवार-शुक्रवार, सकाळी साडेसात.
मीच सांगून ठेवलं होतं :
प्रत्येकाने एक आवडतं गाणं आणायचं,
दोन मिनिटं वाजवायचं, तीन मिनिटं बोलायचं,
इंग्रजीत, पूर्ण वाक्यांत.
कागदावर किती सोपं दिसतं.

स्पीकर घरी राहिला.
मग खालच्या चहावाल्या लोखंड्यांकडून पातेलं मागून आणलं,
त्यात फोन उभा केला,
आणि सगळ्यांचे देश जरा जरा जर्मनचे होऊन
आमच्यात वाजायला लागले.

बराकाच्या गाण्याने पातेलंच सरकायला लागलं टेबलावरून.
आम्ही पायांनी ठेका धरलेला.
"फार दुःखी गाणं आहे," तो म्हणाला. "बोट नवी घेतली
आणि मासे संपले."
ठेका थांबवावा की नाही, कुणाला कळेना.

एन्खजिनने फोन काढलाच नाही. उभी राहून गायली,
एकच ओळ, पुन्हा पुन्हा, अगदी खालच्या आवाजात.
उंटीण पिल्लाला जवळ घेईना, तर तिच्यासाठी म्हणतात.
मग?
मग ती रडते. मग पाजते.
तुझ्याकडे किती उंट?
"एकही नाही. आम्ही फ्लॅटमध्ये राहतो. नऊ मजल्यावर."
नवव्या, मी म्हटलं.
नवव्या, ती म्हणाली, आणि खाली बसली.

अब्दुलबारीचं गाणं म्हणजे भावाच्या लग्नातलं रेकॉर्डिंग.
जनरेटरची घरघर, ताटांचा आवाज, त्यातून ऊद वाजतोय कुठेतरी.
त्याने बोट वर केलं : आता. ऐका.
गाणारा श्वास घ्यायला थांबतो, तिथे कुणीतरी खोकलं.
"इथे माझे काका खोकतात," तो म्हणाला. "नेहमी."
मी सवयीने तोंड उघडलं.
खोकले. भूतकाळ.
ते लग्न होऊन सहा वर्षं झाली, आणि त्या गल्लीचं काय झालं
ते त्याने पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं,
ओळख करून देताना, चार छोट्या वाक्यांत.
त्याने मागे नेऊन पुन्हा लावलं.
काका पुन्हा खोकले, बरोब्बर वेळेवर.
म्हटलं, असू दे.
वाक्य बरोबर आहे.

तेवढ्यात खालून घंटागाडी गेली,
ओला कचरा, सुका कचरा, भोंग्यावर, चालीत.
आणि माझा अख्खा वर्ग
मान डोलावत तिच्याबरोबर गुणगुणायला लागला, न चुकता,
मराठीत.
इतकं एकसुरात ते इंग्रजी कधी बोलले नाहीत.

"आता तुमचं, मॅडम," परवाना म्हणाली.

तीस मुलांना तीस प्रश्न विचारून झालेली बाई मी.
मला काय आवडतं?
जे आठवलं ते सगळं
कुणीतरी आधीच आवडून ठेवलेलं निघालं.
मग ओठांचा चंबू केला, पहिल्यांदा नुसती हवा गेली,
दुसऱ्यांदा वाजली :
तीन सूर, शेवटचा वर चढणारा.
बाबा पिंपरीहून रात्रपाळी करून यायचे,
चाळीखाली उभे राहून ही शीळ घालायचे,
आणि आई रुमालात बांधून चावी टाकायची वरून.
बेल होती. बेलने शेजारी उठतात म्हणे.

"याचा अर्थ?" बराकाने पेन सरसावलं.
अर्थ, चावी टाक.
सगळ्यांनी लिहून घेतलं.

नऊला वर्ग सुटला. मी फळा पुसत होते,
आणि रस्त्यावरून तीन सूर आले, मधला चुकलेला.
खिडकीतून वाकून पाहिलं : अब्दुलबारी,
दोन्ही हात ओंजळीसारखे धरून.
फोन पातेल्यातच राहिला होता.

रुमाल होता माझ्याकडे.
टाकवेना.
पातेलं दोन्ही हातांत धरून
उतरले तो लोखंडी जिना एकेक पायरी,
दूध उतू जाईल तशी.
आत काका होते.