स्थापना : अंदाजे

स्मरणिकेच्या पहिल्या पानावर स्थापनेचं साल लागतं.
आमच्याकडं तीन सालं आहेत, तिघांनी सांगितलेली.
मी चिटणीस. अक्षर बरं म्हणून झालो,
पायात चेंडू कधी राहिलाच नाही.
तेव्हा लिहितो : अंदाजे.

तातोबा येसू मगदूम, नाईक, मराठा पलटण,
लढाई मिटल्यावर मिरज जंक्शनात उतरला
तेव्हा ट्रंकेत अर्धा साबण, एक वस्तरा
आणि लोकरीची एक जर्सी.
पिवळी, वर उभे पट्टे, दारूच्या रंगाचे, म्हणायचा.
आमच्याकडं दारू पांढरी.
रंगाऱ्यानं आपल्या मतीनं पट्टे रंगवले
आणि सांगलीच्या पोरांनी पहिल्याच मॅचला नाव पाडलं :
वांगी आली रे, वांगी.

इटलीतलं ते गाव सान-काहीतरी.
तिकडं निम्मी गावं सान-काहीतरीच, हेही तोच सांगायचा.
पूल पडलेला. बर्फ वितळून घोट्याएवढा चिखल.
त्या चिखलात गावच्या क्लबनं पलटणीशी मॅच घेतली.
गोलकीपर पाव भाजणारा,
पंच पाद्री, झगा कमरेला खोचून.
हरलो, म्हणायचा.
किती, ते सालागणिक बदलायचं.
चार-तीन. पाच-तीन.
मिशनच्या दवाखान्यात, शेवटच्या आठवड्यात,
नऊ-शून्य, म्हणाला, आणि खोकला येईतो हसला.
जर्सीची गोष्ट मात्र कधी हलली नाही :
त्यांच्या कप्तानानं अंगातली काढून दिली,
मी दुधाचे दोन डबे दिले.

रेल्वे यार्डामागं मैदान. चेंडू उंच गेला
की तीन मापांच्या रुळांपैकी कुठल्या तरी रुळावर.
बाबालाल सतारमेकर भोपळा कोरायच्या हातानं
चेंडूचं कातडं शिवायचा, आणि कानाशी धरून टिचकी मारायचा,
सूर लागला का बघायला.
यशोदास भोरे कंपाउंडर लेफ्ट आउट.
गडहिंग्लजला हरलो. बेळगावला हरलो.
मिरजेतही हरलो, पण थोड्यात.
कपाटात चषक एक :
कुर्डुवाडीचा संघ छोट्या गाडीत अडकून पडला, त्या सालचा.

मागच्या उन्हाळ्यात बाबालालच्या नातवाच्या दुकानात
एक बाई आली, तंबोरा न्यायला, इटलीची.
भिंतीवर काचेत जर्सी. बघू का, म्हणाली.
कॉलर उलटली. आत कापडी पट्टी, दोऱ्यानं विणलेली अक्षरं.
आम्हाला वाटायचं, कप्तानाचं नाव.
ओस्पीति, तिनं वाचलं.
म्हणजे पाहुणे.
ज्यांच्याकडं स्वतःच्या जर्सी नसतील
त्यांच्यासाठी क्लबनं ठेवलेल्या गठ्ठ्यातली ही एक.

म्हणजे कुणी काढून दिलीच नाही.
तातोबाच्याच अंगात होती.
परत करायची राहिली.

दुकानात कुणी बोलेना. नातवानं उगाच एक तार छेडली.
पाऊणशे वर्षं आम्ही आमच्याच मैदानावर
पाहुण्यांच्या कपड्यात उतरलो,
तेही रंग चुकवून.
बाई म्हणाली, आमच्यात यजमानालाही हाच शब्द आहे.
तंबोऱ्याचे पैसे मोजून दिले तिनं,
घासाघीस केली नाही.

रविवारच्या सभेत गोंधळ.
एक म्हणाला, हे छापायचं नाही.
भोऱ्यांचा थोरला म्हणाला, दुधाचे डबे तरी खरे असतील.
तेवढ्यावर सगळे गप्प झाले, कारण तेही
तातोबाशिवाय कुणी पाहिले नव्हते.

ठराव एकच झाला :
यंदा अकराच्या जागी बावीस जर्सी शिवायच्या.
अकरा आपल्या. अकरा कपाटात,
कवठेमहांकाळकडची पोरं येतात बनियनवर, त्यांना.
शिंपी विचारतो, कॉलरच्या आत पट्टी घालू का,
आणि घातली तर काय विणू.
त्याला अजून उत्तर दिलेलं नाही.