दोन थाऊ

गाडी एवढी बुटकी
की उद्यमबागच्या रस्त्यावर तिचं पोट तीनदा घासलं.
आमच्या शेडसमोर थांबली तेव्हा
शेजारच्या फाउंड्रीतली पोरं भट्टी सोडून बाहेर आली,
आणि पिवळ्या दारातून, गुडघ्यावर हात देत,
उतरल्या हंजीबाई.
बैलहोंगलच्या. वय साठ-बासष्ट, पायात रबरी चप्पल.

"कन्नडी नडगाकत्तैती," म्हणाल्या.

कन्नडी म्हणजे आरसा. आरसा थरथरतोय.
बेळगावात वाढलो, एवढं कळतंय की.
तरी तो शब्द कानावर पडला की
मी घटकाभर अडखळतोच.
भाषा आणि आरसा,
मध्ये एका वेलांटीचं अंतर.
मडिवाळ, माझा हेल्पर, गालात हसला.
त्याच्या आईची भाषा ती.
माझ्या आईला बाजारापुरती यायची,
भाव पाडायला, नाहीतर भांडण मिटवायला.

हुबळीच्या शोरूमनं सांगितलं होतं:
नुसता आरसा मिळत नाही, पुढची अख्खी काच घ्या,
बाहेरून मागवू, दीड महिना, बावन्न हजार.
"नव्वदच्या पुढं गेलं," बाई आता मराठीत,
"की मागचा एक ट्रक चार होतोय.
वाट कुठल्या ट्रकला द्यायची, सांगा."

मी आत शिरलो. सीट म्हणजे
जमिनीवर अंथरूण घातल्यासारखी.
आरशाला बोट लावलं.
काचेवरची चिकटवण पक्की, दांडी पक्की.
दोष गोळीत.
दांडीच्या टोकाला हरभऱ्याएवढी गोळी असते,
ती वाटीत बसते, तिच्यावर आरसा वळतो.
वाटी झिजलेली. किती?
दोन थाऊ. केसाहून कमी.
तेवढ्या जागेत चार ट्रक डुलत होते.

शट्टुप्पाकाकांनी लेथवर उभं केलं तेव्हा
पहिलाच धडा हा:
गच्च बसवायला कुणालाबी येतंय,
वळंल पण डुलणार नाही, असं बसव.
माझ्या लग्नातही त्यांनी हेच सांगितलं.
तिथं अजून माप काढतोय.

डब्यातून पितळेची पत्री काढली,
कातरीनं नखाएवढी कोर कापली,
पॉलिश पेपरवर घासली, वाटीत ठेवली.
फारच गच्च. आरसा मान हलवेना.
काढली. परत घासली.
मडिवाळनं आणलेल्या चहावर साय धरली.
तिसऱ्या खेपेला गोळी आत गेली,
अडकित्त्यात सुपारी फुटावी तसं
कट्‌ करून.

"नोडरी," मी म्हटलं.
"बघू की," त्या म्हणाल्या.

काकती मागं पडली तसा बाईंनी पाय दाबला.
वंटमुरीचा घाट. नव्वद. शंभर.
एकशे दहाला मी दाराची कड धरली.
आरसा गप्प.
तो त्यांच्यासाठी लावलेला, मला मागचा रस्ता दिसेना.
माझ्या कोनातून दिसायचा फक्त पलीकडचा,
बेळगावकडं येणारा.
तिकडच्या पाट्या आम्हाला पाठ दाखवत यायच्या
आणि ओलांडल्या की आरशात तोंड फिरवायच्या.
गावांची नावं, सगळी उलटी.
कानडी उलटं, इंग्रजी उलटं,
एका धाब्याचं मराठी उलटं.
तिन्ही मला थोडी थोडी वाचता येतात.
त्या वेगात एक अक्षर लागलं नाही,
पण एकही हललं नाही.

हत्तरगी टोलच्या अलीकडून वळलो.
"एष्टु?"
साडेतीनशे म्हटलं, पितळ धरून.
त्यांनी मराठीत घासाघीस केली,
मी कानडीत नाही-नाही म्हणत राहिलो,
तीनशेवर मिटलं.

रात्री शेड ओढून अनगोळला निघालो.
माझ्या लुनाचा आरसा दोन वर्षं झाली,
मान टाकून आहे.
त्यात दिसते आपलीच चप्पल,
कधीमधी एखादा खड्डा.
पत्रीचा उरलेला तुकडा खिशातच होता.
असू दे म्हटलं.
मागनं कुणी हॉर्न दिला
तर मी आपला वळून बघतो.